आजोबांची मोडी पत्रं आहेत, आईचे ईमेल कुठे आहेत?

पोस्ट लांब आहे, सवडीनं चहा घेऊन वाचा.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरच्या आपल्या लोकांना जुन्या कागदांचं भारी प्रेम. कोणाकडे पणजोबांची सनद निघाली, होळकरी किंवा गायकवाडी शिक्क्याचा एखादा कागद निघाला, की आपण लगेच फोटो काढतो, मोडी वाचणारा शोधतो, नातवाला बोलावून दाखवतो. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं खाली काढून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, १८९८ साली पहिला खंड आला आणि पुढे बावीस झाले, हे आपण अभिमानानं सांगतो. बडोदेकर तर रियासतकार सरदेसायांचं नाव घेतल्याशिवाय राहातच नाहीत, कारण ते वर्षानुवर्षं इथल्या संस्थानच्या नोकरीत होते. हे सगळं छानच आहे.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. १९९८ च्या आसपासपासून साधारण २०१० पर्यंत आपल्या घरांतला पत्रव्यवहार ईमेलवर झाला. तो कुठे आहे? त्याआधीची आंतर्देशीय पत्रं ट्रंकेत सापडतात. नंतरचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, जसं असेल तसं. मधली बारा-तेरा वर्षं मात्र कोरी. आणि नेमकी तीच वर्षं अशी होती की घराघरातून एक मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेला, सिंगापूरला, बंगळूरला गेली, वाडे विकले गेले, वाटण्या झाल्या, आईबाप म्हातारे झाले. म्हणजे घरात सगळ्यात जास्त घडलं तेव्हाचेच कागद नाहीत.

‘गेले ते मेल, आता काय मिळतायत’ असं सगळे म्हणतात. मला हे पटत नाही. गेलं साधारण वर्षभर मी आमच्या घरचे मेल शोधतेय, त्यावरून सांगते, की जेवढं गेलं असं वाटतं त्यातलं बरंचसं गेलेलं नसतं. फक्त कुठे पाहायचं ते कोणी सांगितलेलं नसतं.

सोप्यापासून सुरू करते. आपल्या वयाची निम्मी मंडळी रोज तक्रार करतात की फोनवर मेल वाचता वाचता बोट लागलं आणि मेल नाहीसा झाला. जीमेलवर बोट आडवं फिरलं की बहुतेक फोनांत तो मेल ‘आर्काइव्ह’ होतो. आर्काइव्ह म्हणजे पुसणं नाही. मेल टेबलावरून उचलून कपाटात ठेवला, एवढंच. डावीकडच्या यादीत ‘ऑल मेल’ किंवा ‘सर्व मेल’ असतं, तिथे तो जसाच्या तसा असतो, आणि तिथून पुन्हा इनबॉक्समध्ये आणता येतो. कचरापेटीतला मेल मात्र तीस दिवसांत जातो, तिथे घाई हवी. जुना मेल हवा असेल तर शोधायच्या चौकटीत इंग्रजीत ‘बिफोर’, त्याला चिकटून कोलन, मग साल-महिना-दिवस मध्ये तिरप्या रेघा देऊन लिहा. त्या तारखेच्या आधीचं तेवढंच समोर येतं. एक आपल्या लोकांपुरती सूचना: तेव्हा सगळे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचे, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. ‘आई’ हा शब्द आमच्याच घरात चार तऱ्हांनी लिहिलेला मिळाला. एका स्पेलिंगनं सापडलं नाही म्हणून नाही असं समजू नका.

खरी अडचण २००४ च्या आधीच्या मेलांची. हॉटमेल १९९६ साली सुरू झालं तेव्हा फुकटच्या खात्यात जागा मिळायची दोन एमबी. आज फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा बहुतेक वेळा त्यात मावणार नाही. त्यामुळे लोक मेल वाचायचे आणि पुसायचे. पुसला नाही तर पुढचा यायलाच जागा नसायची. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं आणि एकदम एक जीबी देतो म्हणाले, तेव्हा लोकांना ते एप्रिल फूल वाटलं होतं. मेल साठवून ठेवायचा असतो ही सवयच मुळी तिथून लागली. त्याच्या आधीची सहा-सात वर्षं म्हणून सगळ्यात विरळ.

आणि ती सर्व्हरवर शोधून उपयोग नाही. ती घरात शोधायची.

आमच्या बाबांनी २००० साली कॉम्प्युटर घेतला होता, असेंबल केलेला, फोनच्या लाइनवरून इंटरनेट. लागताना जो आवाज व्हायचा तो आठवत असेल सगळ्यांना. त्या वेळी मेल ‘आउटलुक एक्सप्रेस’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये यायचा, आणि त्याची रीत अशी की मेल सर्व्हरवरून घरच्या कॉम्प्युटरवर उतरला की सर्व्हरवरचा पुसला जायचा. म्हणजे जगात त्याची एकच प्रत, ती आपल्या घरातल्या त्या डब्यात. पुढे कॉम्प्युटर जुना झाला, बाबाही गेले, तो डबा माळ्यावर चढला.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. पलंगाखालची ट्रंक, तिच्यात आजोबांची, आत्यांची, सगळ्यांची पत्रं. चार दिवसांनी उघडली तर शाईचा निळा लगदा. दहा-बारा पत्रं पंख्याखाली वाळवून वाचली, बाकी गेली. ‘कागद टिकतो, कॉम्प्युटरचं काही खरं नाही’ असं आमच्याकडे सगळे म्हणायचे. माळ्यावरच्या डब्याला थेंबही लागला नव्हता.

दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानाचं नाव घेत नाही, पण तिथला मुलगा म्हणाला, ‘काकू, भंगारात द्या, पाचशे रुपये येतील.’ त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझ्या भाच्यानं डब्यातली हार्ड डिस्क तेवढी सोडवली आणि जुनी डिस्क यूएसबीला जोडायची एक वायर मागवली. काही शे रुपयांचं काम. डिस्क फिरायला लागली तेव्हा असा आवाज आला, जशी जुनी शिलाईमशीन. त्यानं सगळ्यात आधी पूर्ण डिस्कची नक्कल करून घेतली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवून दिली. हे फार महत्त्वाचं. जुनी डिस्क किती वेळा चालू होईल सांगता येत नाही, आणि तिच्यावर नवीन काही लिहिलं गेलं तर खालचं पुसलं जातं. नंतर नकलेत ‘डीबीएक्स’ अशा शेपटीच्या फाइली शोधल्या. आउटलुक एक्सप्रेसचं प्रत्येक खण म्हणजे अशी एक फाइल: इनबॉक्सची एक, पाठवलेल्यांची एक. त्या उघडून एकेक मेल सुटा करणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात, कुठली फुकट, कुठली विकत.

आमची ‘पाठवलेले’ फाइल खराब निघाली. इनबॉक्स उघडला.

आता इथे एक गोष्ट सांगते जी मला कोणी सांगितली नव्हती. ट्रंकेतल्या पत्रव्यवहारात आपल्याकडे समोरच्याची पत्रं असतात, आपली त्याच्याकडे. म्हणजे अर्धं संभाषण. ईमेलचं तसं नाही. समोरच्यानं उत्तर देताना ‘रिप्लाय’ दाबलं की खाली आपला मूळ मेल तसाच चिकटून येतो, त्याच्या खाली त्याच्या आधीचा. आम्हाला दादाचे नव्वदेक मेल मिळाले, आणि त्यांच्या पोटात आईचे जवळजवळ तेवढेच. तेव्हा एखाद्या मेलात वर नुसतं ‘ओके’ असलं तरी खाली सरकून बघा.

काही मेल उघडले तर भलतंच दिसलं. ह्याचे तीन प्रकार असतात आणि तिन्हींचं नशीब वेगळं. डोक्यावर तिरपी रेघ असलेलं इंग्रजी ‘ए’ आणि बारीक चिन्हं पुन्हापुन्हा दिसत असतील, तर तो धडधाकट युनिकोड मराठी मेल आहे, फक्त वाचणाऱ्या प्रोग्रॅमला एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ आहे असं सांगायचं. अर्थहीन इंग्रजी अक्षरांची माळ असेल, तर तो युनिकोडच्या आधीच्या शिवाजी, शुषासारख्या फॉण्टात लिहिलेला असू शकतो. तो फॉण्ट घातला किंवा कन्व्हर्टरमधून काढला की मराठी उभं राहतं. आणि नुसती प्रश्नचिन्हंच असतील, ओळीच्या ओळी, तर वाटेत कुठल्यातरी यंत्रानं ती अक्षरं फेकून दिली. ती परत येत नाहीत. आमच्या मोठ्या आत्याचा एक लांब मेल असा आहे. वर तारीख, खाली दीड पान प्रश्नचिन्हं. ते प्रिंट काढून ठेवलंय, का ठेवलंय विचारू नका.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की एवढी खटपट कशासाठी? ‘तब्येत ठीक, पाऊस नाही, हरभऱ्याची डाळ महागली’ हेच असणार त्यात. तसंच होतं, बहुतेक. पण ते ज्या भाषेत होतं तीच मला पुरे.

आई पत्र लिहायची तेव्हा ‘अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.’ अशी सुरुवात, शाळेत शिकवलेलं पुणेरी मराठी, शेवटी ‘कळावे’. चौसष्टाव्या वर्षी ती टायपिंग शिकली आणि मेलवर मात्र जशी बोलायची तशी लिहायला लागली. कोण जाणे, एका बोटानं टाइप करताना मायने लिहायचा कंटाळा आला असेल. तिच्या मेलात ‘वांधा नाही’ आहे. खिडकीला ‘बारी’ आहे, झोपाळ्याला ‘हिंचका’ आहे. ‘उत्तराणला धाब्यावर चढले नाही ह्या वर्षी’ असं एक वाक्य आहे; पुण्याच्या माणसाला ते वेगळंच वाटेल. हे बडोद्याचं मराठी. ह्या भाषेत पुस्तकं नाहीत, वर्तमानपत्र नाही, आमच्या सगळ्या सभासंमेलनांत आम्ही शुद्ध बोलतो. इंदूरकरांचं ‘येऊन राहिलो’, बेळगावकरांचं हेल काढून बोलणं, हैदराबादकरांचं आणखी निराळं, हे घरातच राहिलं. ते लिहिलं गेलं असेल तर त्या दहा-बारा वर्षांच्या मेलांत, तेसुद्धा इंग्रजी अक्षरांत, चुकीच्या स्पेलिंगात. आपल्या बोलीचा एवढा भरवशाचा लिखित पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही. आणि तो आपण पासवर्ड विसरलो म्हणून सोडून देतोय.

दुसरं कारण घरगुती आहे. दादा आणि वहिनी दोघांची परवानगी घेऊन लिहितेय.

२००५ साली आई-बाबा न्यू जर्सीला जाणार होते. गेले नाहीत. आमच्या नात्यात तेव्हापासून एक गोष्ट पक्की रुजली की वहिनीला सासू-सासरे नको होते. लग्नकार्यात, मुंजीत, कोणी ना कोणी ते बोलून दाखवायचंच. दादा इतकंच म्हणायचा की रजेचं जमलं नाही. ते ऐकून लोकांची आणखीच खात्री पटायची.

इनबॉक्समध्ये दादाचा एक मेल निघाला. वर एकच ओळ: ‘बरं आई, तू म्हणशील तसं.’ खाली तिचा मेल. तिकीट काढू नकोस, असं तिनं लिहिलं होतं. ह्यांना आताशा घरचा रस्ता आठवत नाही, काल दांडिया बाजारातून पानवाल्याच्या पोरानं हात धरून आणलं. विमानतळावर, तिकडे लोकांत कळेल सगळ्यांना, आणि ह्यांना ते सोसणार नाही. इथे कोणाला बोलले नाहीये. विचारलं तर तुझ्याकडून जमत नाही असं सांग, तुम्ही लांब आहात, तुम्हाला काय वांधा.

आम्हाला बाबांचं विसरणं कळलं त्यानंतर दोन वर्षांनी. आई २०११ ला गेली. दादाचं त्या वेळचं खातं कंपनीचं होतं, नोकरी बदलली तेव्हा ते बंद झालं, त्याच्याकडे तो मेल नव्हता. म्हणजे माळ्यावरच्या त्या डिस्कवर होती तीच एक प्रत. वहिनीला फोन केला. तिला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणाली, ‘आईंनी सांगितलं होतं ना कोणाला बोलायचं नाही.’ वीस वर्षं!

धाकट्या काकूंचं म्हणणं पडलं की मेलेल्या माणसाचं झाकलेलं कशाला उकरायचं, तिला नको होतं ते तुम्ही आता जगाला सांगताय. ह्यात तथ्य आहे, मी ते उडवून लावत नाही. आईचे सगळे मेल मी कोणालाही दिलेले नाहीत, देणारही नाही. काहींत शेजाऱ्यांबद्दल आहे, काहींत वाटणीबद्दल, माणसं हयात आहेत. माझं मत असं की शोधणं आणि वाटणं ही दोन वेगळी कामं आहेत. शोधायचं सगळं, जपायचं सगळं. वाटायचं विचारून विचारून. पण झाकलेलं झाकलेलंच राहू द्या म्हणताना त्याची किंमत कोण भरतंय तेही बघायला नको का? इथे ती वहिनीनं भरली. आई असती तर तिला हे चाललं असतं का, ह्यावर दादाचं आणि माझं एकमत नाही. पण परवानगी त्यानं दिली.

म्हणून माझा आग्रह असा की हे काम मुलांवर सोडू नका, ज्याचं खातं आहे त्यानंच हयातीत करावं. काय ठेवायचं, कोणाला दाखवायचं, हे त्याच्याइतकं दुसऱ्याला कळणार नाही. आणि उशीर परवडणारा नाही. दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती पुसायचं धोरण गूगलनं डिसेंबर २०२३ पासून लागू केलंय. याहू ग्रुप्स आठवतात? कुलवृत्तांताचं काम किती घराण्यांनी त्यावर केलं, कोणाची मुलगी कुठे दिली, कुलदैवत कुठलं, सगळी विचारपूस तिथे चालायची. २०२० च्या डिसेंबरात ते कायमचं बंद झालं, जुना मजकूर त्याच्या आधीच काढून टाकला होता. तरी एक आशा आहे. ग्रुपवरचा प्रत्येक निरोप सभासदांच्या मेलमध्येही यायचा. घराण्यातल्या एखाद्या चिवट काकांनी तो पुसला नसेल तर पूर्ण ग्रुप त्यांच्या ‘ऑल मेल’मध्ये पडून असेल. विचारा त्यांना.

स्वतःच्या चालू खात्यासाठी दोन गोष्टी आजच्या आज होतात. ‘गूगल टेकआउट’मधून सगळा मेल एका फाइलीत उतरवून घेता येतो. ती ‘एमबॉक्स’ फाइल म्हणजे मुळात साधा मजकूर असतो, कुठल्या एका कंपनीच्या दयेवर नसतो, थंडरबर्डसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये वाचता येतो. एक प्रत घरात, एक मुलाकडे. दुसरं, ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे: तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने खातं हललं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवलं जातं आणि तुम्ही ठरवलं असेल तेवढंच त्याला मिळतं. दहा जणांपर्यंत नेमता येतात. बँकेत नॉमिनी लावताना आपण चार वेळा सही तपासतो, इथे अजून कोणी ही पानं उघडूनही पाहिलेली नाहीत.

आणि बाबांसारखी माणसं तुमच्याकडेही असतील, मेलाची छपाई करून फाइलला लावणारी. त्यांना आपण हसायचो. दिवाळीच्या सफाईत त्या फाइली रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा. आमच्याकडे अशा दोन निघाल्या, डॉट मॅट्रिक्सवरच्या, कडेला भोकं असलेल्या कागदाच्या. शाई फिकी आहे पण वाचता येतं, आणि काही मेल डिस्कवरही नव्हते ते तिथेच मिळाले.

प्रश्नचिन्हांच्या मेलाबद्दल मात्र कोणाला काही माहीत असेल तर जरूर सांगा. तारीख १९ ऑक्टोबर २००३ आहे, इंदूरहून बडोद्याला, एकाच वेळी चार जणांना पाठवलेला. चौघांपैकी एखाद्याच्या प्रतीत अक्षरं शाबूत असतील असं भाचा म्हणतो. एक पत्ता दादाच्या त्या बंद पडलेल्या खात्याचा. उरलेले दोन ग्वाल्हेरकडच्या आमच्या नातलगांचे आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर तुमचा जुना मेल उघडतो का, एवढं बघून मला निरोप पाठवा.